चित्रातला 'कोणीही'

एखाद्या चित्रकाराला नुसते 'माणसाचे चित्र काढा' असे सांगितले, तर तो कोणाचे चित्र काढील? प्रश्न पोरकट वाटेल. पण त्यात भल्याभल्यांना चकवणारी एक अडचण दडलेली आहे. 'माणूस' हा शब्द मोठा उदार आहे. गोरा आणि काळा, उंच आणि ठेंगणा, स्त्री आणि पुरुष, डोळस आणि अंध असे सारे त्याच्या पोटात सुखाने नांदतात. शब्दाला कोणालाच बाहेर ठेवावे लागत नाही. चित्राला मात्र ही उदारता परवडत नाही. कागदावर रेघ उमटली, की तो माणूस कोणीतरी एक होतो आणि बाकीचे सारे त्याच क्षणी कागदाबाहेर राहतात.

तत्त्वज्ञांनी या अडचणीचा पुष्कळ खल केला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने असे मांडले, की अनेक वस्तू पाहून त्यांची एक सामान्य कल्पना आपल्या मनात तयार होते. त्रिकोणाची अशी सामान्य कल्पना समभुज नसते आणि विषमभुजही नसते. १७१० मध्ये जॉर्ज बर्कलीने त्याला हटकले. असला त्रिकोण आपल्या मनापुढे काही केल्या उभा राहत नाही, असे तो म्हणाला. आणि माणसाची कल्पना केली तरी तो माणूस गोरा, काळा किंवा सावळा, ताठ किंवा वाकलेला, काहीतरी एक असावाच लागतो. मग सामान्य कल्पना होते तरी कशी? बर्कलीचे उत्तर असे, की आपण एका विशिष्ट वस्तूलाच साऱ्या जातीची प्रतिनिधी नेमतो.

येथपर्यंत सारे ठीक. परंतु हा प्रतिनिधी नेमतो कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्रिकोणांच्या राज्यात तो निरुपद्रवी आहे. आपल्याला डावलले म्हणून कोणताही विषमभुज त्रिकोण रुसत नाही. माणसांचे तसे नव्हे. आपल्या न्यायसूत्रांतही 'गाय' या शब्दाचा अर्थ व्यक्ती, आकृती की जाती असा वाद घातलेला आहे, आणि तिन्ही मिळून अर्थ होतो असा निर्णय दिलेला आहे. नैयायिकांच्या 'जाती'त सारे सारखे असतात. तोच शब्द गावात आला, की कोणी कोठे बसावे ते ठरवू लागतो. चित्रातल्या माणसाचा प्रश्न या दोन अर्थांच्या मधोमध कोठेतरी उभा आहे.

आज तो प्रश्न तत्त्वज्ञांच्या खोलीतून उठून थेट कचेरीच्या टेबलावर येऊन बसला आहे. शिक्षिकेपासून बँकेतल्या अधिकाऱ्यापर्यंत ज्याला त्याला केव्हातरी प्रेझेंटेशन करावे लागते. त्यात 'विद्यार्थी', 'रुग्ण', 'कुटुंब', 'सहकारी' यांची चित्रे लागतात. ती कोणी मुद्दाम काढून घेत नाही. त्यासाठी तयार छायाचित्रांची अफाट भांडारे आहेत. त्यांना स्टॉक फोटो म्हणतात. एक शब्द टंकला, की शेकडो हसरे चेहरे पुढे येतात. एखाद्या जिल्ह्याच्या गावातली पतपेढीही मग 'आमचे सभासद' या मथळ्याखाली सातासमुद्रापलीकडच्या, कोटटाय घातलेल्या मंडळींना बसवते. देशी चित्र निवडलेच, तर 'कुटुंब' म्हणजे गोरेगोमटे आईबाप, एक मुलगा, एक मुलगी आणि पांढरा सोफा. आजी असलीच तर चष्म्याआडून कौतुकाने पाहण्यापुरती.

या व्यवसायाच्या आरंभीच्या माणसांपैकी एकाची हकीगत सांगण्यासारखी आहे. ऑटो बेटमन हा बर्लिनमधल्या एका सरकारी ग्रंथालयात काम करणारा विद्वान गृहस्थ. तो ज्यू होता, म्हणून १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्याला नोकरीवरून काढले. १९३५ मध्ये चित्रांनी भरलेल्या ट्रंका घेऊन तो न्यूयॉर्कला उतरला आणि विषयवार लावलेली ती चित्रे प्रकाशकांना नि जाहिरातदारांना वापरावयास देण्याचा धंदा त्याने मांडला. ज्याला त्याच्या देशाने 'आपल्या माणसां'तून वगळले होते, त्यानेच माणसांच्या चित्रांचे जगातले एक मोठे भांडार उभारले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता कोणी म्हणेल, की चित्र हे शोभेपुरते. त्याची इतकी चिकित्सा कशाला? याला मुलांनीच उत्तर दिलेले आहे. १९६६ ते १९७७ या काळात डेव्हिड चेंबर्स या अभ्यासकाने, मुख्यतः अमेरिका व कॅनडातल्या, ४,८०७ शाळकरी मुलांकडून 'शास्त्रज्ञा'चे चित्र काढून घेतले. त्यांतली फक्त २८ चित्रे स्त्रीची निघाली, आणि ती सगळी मुलींनी काढलेली होती. या मुलांना कोणी सांगितले नव्हते, की शास्त्रज्ञ पुरुषच असावा. त्यांनी पाहिले होते तेच कागदावर उतरवले. पाहिलेल्या चित्रांतून मनात एक चित्र तयार होते, आणि ते आपल्यासारखे नसेल तर मूल त्या वाटेने जाण्यापूर्वीच थबकते. कोणी दार लावलेले नसते; पण आत जावे असे त्याला वाटतच नाही.

केवळ डोळेच नव्हेत, यंत्रेही या प्रतिनिधीच्या हुकुमात वागतात. गेल्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी रंगीत छायाचित्रे धुणाऱ्यांसाठी एक नमुन्याचे कार्ड पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचे चित्र असे, आणि पहिल्या तरुणीच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिच्या कांतीचा रंग बरोबर उतरला, की छायाचित्र बरोबर उतरले असे समजत. परिणाम असा होई, की गोरी आणि काळी मुले एका रांगेत बसवून शाळेचे छायाचित्र काढले, तर गोऱ्या मुलांचे चेहरे ठसठशीत येत आणि काळ्या मुलांचे नुसते डोळे नि दात दिसत. कॅनडातल्या लॉर्ना रॉथ या अभ्यासिकेने २००९ मध्ये हा इतिहास लिहिला. त्यात एक गमतीची, म्हटली तर खेदाची, बाब आहे. फिल्मचा हा दोष सुधारण्यास चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांच्या तक्रारी बऱ्याच कारणीभूत झाल्या. साध्या आणि दुधाच्या चॉकलेटमधला फरक छायाचित्रात कळत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे कंपनीच्या कानी गेले. आयांनी आपल्या मुलांच्या चेहऱ्यांबद्दल केलेल्या तक्रारींना तेवढे वजन पडले नव्हते.

एवढे समजल्यावर उपाय सोपा वाटतो. चित्रात सगळे घ्यावेत, म्हणजे झाले. पण हा सोपा उपाय कसा अंगाशी येतो, हे दोन चित्रांवरून दिसते.

पहिले चित्र २००९ मधले. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एका जाहिरातीत टेबलाभोवती तिघे बसले होते: एक आशियाई पुरुष, एक काळा पुरुष आणि एक गोरी स्त्री. पोलंडमधल्या संकेतस्थळावर तेच चित्र देताना काळ्या पुरुषाचे डोके काढून तेथे गोऱ्याचे डोके बसवले गेले. गडबडीत हात मात्र तसाच राहिला. गोरा चेहरा आणि काळा हात घेऊन तो माणूस टेबलाशी बसून राहिला. पुढे कंपनीने माफी मागितली.

दुसरे चित्र २००० सालचे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील शाखेचे. नव्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉलच्या सामन्यात जल्लोष करणारे विद्यार्थी होते. मूळ छायाचित्रात सगळे गोरे. विद्यापीठ सर्वांचे आहे असे दिसावे म्हणून दुसऱ्या एका छायाचित्रातला काळ्या विद्यार्थ्याचा चेहरा कापून त्या गर्दीत चिकटवला गेला. तो त्या सामन्याला गेलाच नव्हता. बारकाईने पाहणाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावरचे ऊन इतरांच्या उन्हाशी जुळेना, आणि बिंग फुटले.

एकाने काळा चेहरा पुसला, दुसऱ्याने चिकटवला. पहिल्यात वगळण्याची इच्छा होती, दुसऱ्यात सामावण्याची. म्हणून दुसरे पहिल्याहून बरे, असा निर्णय देण्याचा आपल्याला मोह होतो. तरीही दोन्हीत एक गोष्ट समान आहे. दोन्ही ठिकाणी तो माणूस सोंगटीसारखा उचलला गेला; त्याला कोणी विचारले नाही. किंबहुना दुसऱ्या चित्रात एक जास्तीचा अपराध आहे. ते चित्र पाहून एखादी काळी मुलगी दूरच्या गावाहून त्या विद्यापीठात आली असती, तर आपल्यासारखे पुष्कळजण तेथे हसतखेळत आहेत, या भरवशावर आली असती. पंगतीचे आमंत्रण द्यायचे आणि पाट मांडायचाच नाही, असा हा प्रकार. त्या विद्यार्थ्याने विद्यापीठावर दावा केला. त्याची मागणी मोठी शहाणपणाची होती. आपल्या खिशात पैसे यावेत असे त्याने म्हटले नाही. अल्पसंख्य विद्यार्थी विद्यापीठात खरोखर यावेत, यासाठी अंदाजपत्रकात रक्कम काढून ठेवा, असे त्याने म्हटले. चित्राचे कर्ज वस्तुस्थितीने फेडा, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे सर्वांना चित्रात घेण्याची कल्पना नवी नाही. राजा रविवर्म्याने १८८९ च्या सुमारास काढलेले 'गॅलॅक्सी ऑफ म्युझिशियन्स' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या आणि समाजांच्या अकरा स्त्रिया आपापल्या वेषात, एकमेकींच्या शेजारी, एका मैफलीसारख्या बसलेल्या आहेत. शाळेच्या भिंतीवरचा 'विविधतेत एकता' हा तक्ता म्हणजे याच कल्पनेचा धाकटा अवतार. पगडीवाला शीख, टोपीवाला मुसलमान, फेटेवाला मराठी शेतकरी, कोणी नौवारीत, कोणी मेखलेत. हा तक्ता पाहत आपल्या पिढ्या वाढल्या आणि त्याने आपले बरेच भले केले, यात शंका नाही.

पण त्याच भिंतीवर दुसरा एक तक्ता असतो: 'आपले मदतनीस'. डॉक्टर, शिक्षक, पोस्टमन, शेतकरी, सफाई कामगार. पहिल्या तक्त्यातली मंडळी या दुसऱ्या तक्त्यात शोधू गेले, की गंमत कळते. डॉक्टर बहुधा गोरा आणि पुरुष. त्याच्या नावागावाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तो 'कोणीही' आहे. सफाई कामगाराचा रंग मात्र चित्रकाराने न विसरता गडद केलेला असतो. पहिल्या तक्त्यात प्रत्येकाला जागा आहे, पण ती स्वतःचा नमुना म्हणून. तेथला शीख हा शिखांचाच प्रतिनिधी. साऱ्या माणसांचा नव्हे. वेगळेपणाच्या चित्रात सर्वांना बोलावणे आणि माणूसपणाच्या चित्रात ठराविकांनाच बसवणे, ही आपल्या समावेशाची जुनी युक्ती आहे.

खरा मान 'कोणीही' होण्यात आहे. 'हिशेब तपासणारी व्यक्ती' असे चित्र हवे असताना सावळी, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई दिसावी, आणि ती सावळी आहे हा चित्राचा विषयच नसावा. 'प्रवासी' म्हणून कुबडी घेतलेला तरुण गाडीची वाट पाहत उभा असावा, आणि त्याची कुबडी आपली दया मागत नसावी. भांडारांतल्या चित्रांत अपंग माणूस वर्षानुवर्षे दोनच भूमिका करीत आला: खिडकीबाहेर उदास पाहणारा, नाहीतर हात उंचावून विजयी झालेला. किराणा आणणारा, चिडलेला, मुलाचा अभ्यास घेणारा अपंग माणूस चित्रात सापडणे कठीण. पुष्कळदा तर चाकाच्या खुर्चीत धडधाकट मॉडेल बसवलेला असे.

ही कोंडी ज्यांना सोसावी लागते, त्यांनीच ती फोडायला घेतली, हे सुचिन्ह आहे. २०१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या संगणक व्यवसायातल्या दोन स्त्रियांनी पाहिले, की 'अभियंता' हा शब्द शोधला असता आपल्यासारखी बाई कोठेच दिसत नाही. मग त्याच व्यवसायात प्रत्यक्ष काम करणाऱ्या गौरेतर स्त्रियांना बोलावून त्यांनी छायाचित्रे काढवली आणि केवळ श्रेय देण्याच्या अटीवर ती कोणालाही फुकट वापरू दिली. २०१९ मध्ये 'डिसेबल्ड अँड हिअर' या संग्रहात अपंग व्यक्ती कॅमेऱ्यापुढेही होत्या आणि मागेही. या चित्रांचे मोल त्यांच्या रंगारूपात नाही. तेथे जे दिसते ते कोठेतरी खरे आहे, आणि ज्याचे चित्र आहे त्याची त्याला संमती आहे, यात ते आहे.

मग जे अजून खरे झालेले नाही, ते चित्रात दाखवूच नये काय? येथे आपल्याच घरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडीत बसल्याचे चित्र आले. डॉक्टर स्त्री होती, वाहतूक पोलीस स्त्री होती, आणि आचारी पुरुष. पुष्कळ घरांतल्या मुलांनी हे चित्र पाहून स्वयंपाकघरात डोकावले असेल आणि तेथे बाबांना शोधले असेल. बहुतेकांना ते सापडले नसतील. म्हणून ते चित्र खोटे म्हणायचे काय?

तसे म्हणता येणार नाही. हाताने काढलेले पाठ्यपुस्तकातले चित्र 'असे आहे' असा दावा करीत नाही. 'असे असू शकते' एवढेच ते मुलाच्या कानात सांगते. त्याच्यावर विसंबून कोणी फसत नाही. झालेच तर बाबांची थोडी पंचाईत होते, आणि ती झालेली बरी. छायाचित्राचे वेगळे आहे. छायाचित्र साक्षीदारासारखे उभे राहते. विद्यापीठाच्या पुस्तिकेत ते 'आमच्याकडे असे आहे' असे शपथेवर सांगते. स्टॉक फोटोची अडचण अशी, की तो दिसतो साक्षीदार आणि असतो नट. म्हणून त्याची नीती त्याच्या ठिकाणावर अवलंबून राहते. 'मधुमेहात पायांची काळजी' या मथळ्याखाली कोणाचाही पाय चालेल, आणि तेथे सर्व रंगांचे पाय यावेत. 'आमचे कर्मचारी' या मथळ्याखाली मात्र आपले कर्मचारीच हवेत. ते सगळे एकाच साच्यातले दिसत असतील, तर चित्र बदलून भागणार नाही, नोकरभरतीकडे पाहावे लागेल.

आता तर सांगितलेले चित्र क्षणात काढून देणारी यंत्रे आली आहेत. ती जुन्या चित्रांवरच पोसलेली असल्यामुळे आपल्या जुन्या खोडी त्यांनी उचलल्या. त्या खोडी मोडण्यासाठी काही कंपन्यांनी त्यांना सर्व वर्णांचे चेहरे मिसळायला शिकवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलच्या जेमिनी या यंत्राकडे कोणी १९४३ मधल्या जर्मन सैनिकांचे चित्र मागितले, तेव्हा त्याने त्या गणवेशात काळे आणि आशियाई चेहरेही काढून दिले. गदारोळ झाला आणि कंपनीने माणसांची चित्रे काढणे काही काळ थांबवले. लोक हसले, पण बेटमनची हकीगत आठवली, की हसू मावळते. ज्या राजवटीने त्याला माणसांतून काढले, तीच राजवट या चित्रात सर्वांना पोटाशी धरणारी ठरली. यंत्राचा हेतू चांगला होता. हेतू काय ते यंत्राला कळत असेल तर. पण वगळण्याच्या इतिहासावर समावेशाचा रंग फासला, की वगळलेल्यांची तक्रारच पुसली जाते. कोणाला आत घेतले नव्हते, हे दाखवणे हेही कधी कधी न्यायाचेच काम असते.

तेव्हा चित्र निवडणाऱ्याला, मग तो शाळेचा तक्ता करीत असो की कंपनीचे प्रेझेंटेशन, डोकी मोजण्याचा नियम पुरणार नाही. एवढे रंग, इतक्या बायका, एक चाकाची खुर्ची, अशी यादी करून जमलेली मंडळी शेवटी त्या 'विविधतेत एकता' तक्त्यासारखीच दिसू लागते. त्याऐवजी दोन प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. या चित्रातला माणूस येथे काही काम करतो आहे, की केवळ आपल्या वेगळेपणाची पाटी धरून उभा आहे? आणि हे चित्र पाहून त्याच्यासारखा कोणी आपल्या दाराशी आला, तर त्याला आत बसायला जागा मिळेल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भांडारात जरा अधिक वेळ शोधले तर मिळते. दुसऱ्याचे उत्तर भांडारात नाही. ते आपल्या कचेरीत, वर्गात, सोसायटीच्या सभेत आणि या सणाच्या दिवसांत फराळाला कोणाकोणाला बोलावले आहे त्यात शोधावे लागते. पूर्वी एखाद्या गावात नवे घर झाले, की घरधनी भिंतीवर भालदार-चोपदारांची चित्रे काढून घेई. घरात भालदार नाहीत हे साऱ्या गावाला ठाऊक असे, म्हणून त्यात कोणाची फसवणूक नव्हती. आपल्या भिंतींवर आपण आता माणसे काढतो आहोत. ती घरात आहेत, असे पाहणाऱ्याला वाटते. आणि कोणीतरी त्या भरवशावर दार वाजवणार आहे.